टाटामोबाइल २०६, नोंद चौथी: पोटॅशने खाल्लेला हौदा आणि तिसरा सिलिंडर

दोन महिने काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडलंच नव्हतं. कोल्हापूरचा पाऊस, पोरीची परीक्षा आणि गाडी ताडपत्रीखाली. गेल्या तीन आठवड्यांत मात्र हौदा (मागची माल ठेवायची जागा) आणि इंजिन दोन्ही उघडून झालं.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. गाडी म्हणजे टाटाचा जुना डिझेल पिकअप, १९९४चा. शिरोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडून ४२,००० रुपयांना घेतली, टोचन करून आणायला १,८०० गेले. सगळं मिळून १,१०,००० च्या आत बसवायचं, नाहीतर गाडी विकायची, असा घरात करार आहे. करार तोंडी असला तरी समोरची पार्टी कडक आहे.

आधी हौदा. वरून बघताना एवढंच दिसत होतं की तळावर फळ्या टाकल्यात आणि कडेला थोडा गंज आहे. फळ्या काढल्या तर खाली पत्रा म्हणून जे होतं ते खराट्याने झाडून निघालं. मागच्या मालकाने वर्षानुवर्षं खताची पोती वाहिली होती. युरिया हवेतला ओलावा ओढून घेतो हे आपल्याला पोत्यातल्या ढेकळांवरून माहीत असतं, पण खरा खाऊ पोटॅश. आपण वापरतो ते म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊ. सांडलेलं खत फळीखाली अडकलं, त्यावर पावसाचं पाणी पडलं की पत्र्याला कायमचं खारं फडकं गुंडाळून ठेवल्यासारखं होतं. म्हणून गंज मधोमध नव्हता. फळी जिथे आडव्या चॅनलवर (तळाखालच्या लोखंडी आधारावर) टेकत होती तिथेच होता, पाचपैकी तीन चॅनल बोटाने दाबले तर आत गेले. ज्यांच्या गाड्यांनी खत, मीठ किंवा मासळी वाहिली असेल त्यांनी फळ्या उचलून बघाव्यात. नुसती वरून टिचकी मारून कळत नाही.

चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, मात्र वाचली. मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी हातोडीने ठोकत गेलो, सगळीकडे खणखणीत आवाज आला. तिथे आवाज बसका आला असता तर ही नोंद इथेच संपली असती, कारण चॅसीवर ठिगळं लावून गाडी रस्त्यावर आणणं मला पटत नाही.

तळासाठी आठ बाय चारचा १६ गेजचा पत्रा घेतला. तो जवळपास ३८ किलो भरतो, २,८०० रुपये झाले. चॅनल घरच्या तुकड्यांतून, नुसतं बेंडिंग करून घेतलं, ६००. वेल्डिंग आधी मी घरच्या आर्क मशिनवर करणार होतो. एका कोपऱ्यात प्रयत्न केला आणि जुन्या पातळ पत्र्याला अंगठा जाईल एवढं भोक पडलं. मग मुकाट्याने सीओटू वेल्डिंगवाल्या मामांकडे गेलो, त्यात पातळ पत्रा जळत नाही. त्यांनी माझं भोक बघून विचारलं, "सर, हे गंजानं पडलंय का तुम्ही पाडलंय?" ४,५०० घेतले, पण सलग शिवण न मारता इथे एक टाका, तिथे एक टाका असं करत पत्रा न बाकवता जोडला. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटरची जोडणी काढली होती, डिझेलची टाकीही उतरवली होती. टाकी रिकामी आहे म्हणून बिनधास्त राहू नका, रिकाम्या टाकीतली वाफ जास्त वाईट.

फळ्या परत टाकणार नाही. गंज मारायचं औषध, रेड ऑक्साइड असा ९५० चा खर्च झाला आणि चॅनलला खालून पाणी निघून जायला भोकं ठेवलीत. हौद्याला रंग सध्या हाच. तांबडा दिसतो, दिसू दे.

आता इंजिन. सकाळी सेल्फ खूप वेळ मारावा लागायचा, सुरू झालं की पांढरा धूर आणि एक सिलिंडर लंगडा. मिस्त्रींनी कान लावला आणि निकाल दिला: "हाफ इंजिन करून टाकूया, अडतीस हजारांत बसवतो." हाफ इंजिन म्हणजे हेडबरोबर पिस्टनच्या रिंगाही बदलायच्या. अडतीस हजार म्हणजे माझं बजेट तिथेच आडवं. त्यांना मोडता न घालता आठवडाभराची मुदत मागितली आणि सिलिंडरमधला दाब मोजायचा काँप्रेशन गेज उसना आणला.

हीटर प्लगच्या भोकातून चारही सिलिंडर मोजले. पहिला, दुसरा, चौथा ३८० ते ४०० पीएसआय, तिसरा २६०. आता तिसऱ्यात रिंगा गेल्या की व्हॉल्व्ह? ऑइल टाकून परत मोजायची जुनी युक्ती आहे, काँप्रेशन वाढलं तर रिंगा. पण डिझेलमध्ये ती जपून वापरावी लागते. पिस्टन वर आला की उरलेली जागा इतकी कमी असते की ऑइल जास्त झालं तर त्याच्यामुळेच आकडा फुगतो. मी अर्धा चमचा टाकलं, २६० चे २७० झाले. म्हणजे बहुधा रिंगा नाहीत, पण बहुधावर हेड उतरवायचं नव्हतं.

मग पंक्चरवाल्याचा कंप्रेसर कामाला आला. तिसरा पिस्टन काँप्रेशनच्या स्ट्रोकला अगदी वर आणला, गाडी गिअरमध्ये टाकून चाकांना दगड लावले (हवेच्या दाबाने पिस्टन खाली ढकलला जातो, हात फॅनजवळ नको), आणि त्याच भोकातून हवा सोडली. आता नुसतं ऐकायचं. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, एअर फिल्टरकडून आली तर हवा आत घेणारा इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. माझ्याकडे सायलेन्सरच्या नळीतून असा आवाज आला की पंक्चरवाला म्हणाला, "ट्यूब फुटलीय."

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण, उतरवलं. तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एका बाजूने भाकरीची कड करपावी तसा जळालेला. बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) नखाला लागेल अशी कड नाही, कारखान्यात घासताना पडलेल्या होनिंगच्या तिरप्या रेघा अजून दिसतात, म्हणजे झीज नाही. मिस्त्रींना बोलावून दाखवलं. ते बघत राहिले, मग म्हणाले, "मग रिंगांना हात नको लावायला." त्यांनी फसवायचा प्रयत्न केला असं मी म्हणणार नाही. ज्याची गाडी रोज भाजी घेऊन मार्केट यार्डात जाते त्याला एकदाच सगळं उघडून निर्धास्त व्हायचं असतं. माझी गाडी रविवारी वीस किलोमीटर जाणार.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात हेडची क्रॅक टेस्ट आणि फेसिंग (तळ घासून सपाट करणं) ९००, व्हॉल्व्ह आणि सीटचं ग्राइंडिंग १,६००, दोन नवे व्हॉल्व्ह ७००. फेसिंगवाल्याला आधीच सांगितलं की बाक जाईल एवढंच घास, त्याहून जास्त नको, कारण जेवढं हेड घासाल तेवढे व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. हेड सेट, म्हणजे हेडची गॅस्केटं, १,४५०. टायमिंगचा पट्टा १,१५० आणि टेन्शनर १,३००. पट्टा दिसायला बरा होता, तरी बदलला. हा तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि मग हाफ नाही, फुल इंजिन. नोझल तपासून आणि दोन बदलून १,२००. इंजिनाचे सगळे मिळून ८,३००.

गॅस्केटवरून एक घोळ झाला तो सांगतो, तुमचा हेलपाटा वाचेल. काउंटरवर "टाटा पिकअप" म्हटलं आणि घरी येऊन बघतो तर २०७ डीआयचं, म्हणजे टाटाच्याच दुसऱ्या पिकअपचं, पाकीट. आपलं इंजिन ४८३, म्हणजे चार सिलिंडर आणि ८३ मिलिमीटर बोअर, १९४८ सीसी. २०७ डीआयचं ४९७, चार सिलिंडर पण बोअर ९७, २९५६ सीसी. नावातच माप आहे, ते ध्यानात ठेवा आणि दुकानात पिकअपचं नाव काढूच नका. "जुन्या दोन लिटर सुमोचं" असं मागा. १९८८ साली टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) टाटामोबाइल काढली, तिच्यावरूनच १९९१ची सिएरा आणि पुढची इस्टेट आली, १९९४च्या सुमोलाही हेच इंजिन मिळालं. आपल्या गाडीचं नाव काउंटरवरच्या पोरांनी ऐकलेलं नसतं, सुमो मात्र सगळ्यांना माहीत. टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या नावावरून ठेवलेलं ते नाव आपल्याला असं उपयोगी पडतंय.

परवा संध्याकाळी सेल्फ मारला. दुसऱ्या वळशाला उठली, दोन मिनिटं धूर, मग स्वच्छ. परत मोजलं तर तिसरा ३८५.

हिशेब: गाडी आणि टोचन ४३,८००, आधीच्या तीन नोंदींतले ब्रेक, बॅटरी-वायरिंग आणि दोन टायर २४,२००, या वेळचे १७,१५०. एकूण ८५,१५०. उरले २४,८५०.

त्यातून आता अल्टरनेटर काढायचाय. त्याच्या पाठीवरच्या व्हॅक्यूम पंपातून ऑइल झिरपतंय, चार्जिंगचा लाल दिवाही मंद पेटलेला राहतो. तोच पंप ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम देतो, म्हणून रंगाच्या आधी त्याचा नंबर. मग आरटीओचं पासिंग. माल वाहणारी आणि एवढी जुनी गाडी, दरवर्षी फिटनेस आहेच.

आणि फाळक्याची (हौद्याच्या मागच्या झडपेची) डावी बिजागरी कुठेच मिळाली नाही. पुण्यात जुन्या बाजारात दोन रविवार घालवले. कुणाच्या अंगणात २०६ चा मोडका फाळका पडला असेल तर सांगा, बिजागरीच्या मोबदल्यात माझ्याकडे चुकून आलेलं २०७ डीआयचं कोरं गॅस्केट आहे.