उबुंटू बदललं आणि फायरफॉक्समधला ‘ल’ बदलला

मी मुद्रितशोधन करते. छोट्या प्रकाशकांची पुस्तकं, काही दिवाळी अंक, अधूनमधून एखाद्या संस्थेचा वार्षिक अहवाल. गेल्या काही वर्षांत यातलं जवळपास सगळं काम ब्राउझरमध्ये आलं आहे. मजकूर ऑनलाइन उघडायचा, तिथेच दुरुस्त्या सुचवायच्या, शंका आली की बाजूच्या टॅबमध्ये शब्दकोश किंवा विश्वकोश बघायचा. त्यामुळे ब्राउझर बिघडला की माझं टेबलच बंद पडतं.

लॅपटॉपवर उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमची २०.०४ ही आवृत्ती होती. उबुंटूच्या एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ पाठिंबा मिळणाऱ्या आवृत्तीला पाच वर्षं मोफत सुरक्षा दुरुस्त्या मिळतात आणि २०.०४ची ती मुदत मे २०२५ अखेर संपणार होती. ऐन दिवाळी अंकांच्या गर्दीत हे काम अंगावर यायला नको, म्हणून मी आधीच २२.०४ वर गेले. प्रत्यक्ष अपग्रेड विनाअडथळा पार पडलं. मशीन पुन्हा सुरू झालं, फाइली जागच्या जागी होत्या, प्रिंटरही चालू. मग फायरफॉक्स हा माझा ब्राउझर उघडला.

तो उघडायलाच बराच वेळ लागला आणि उघडला तो अगदी कोरा. स्वागताचं पान समोर आलं. बुकमार्क नाहीत, साठवलेले पासवर्ड नाहीत, इतिहास नाही. पण या सगळ्याआधी माझी नजर अडकली ती अक्षरांवर. पानावरचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसत होते.

हे जरा समजावून सांगायला हवं, कारण पुढचा सगळा उलगडा तिथूनच झाला. मराठीत आपण पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ लिहितो. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही तेच वळण प्रमाण मानलं आहे. संगणकाच्या दृष्टीने मात्र हिंदी ‘ल’ आणि मराठी ‘ल’ हे युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय यादीतलं एकच अक्षर. कोणतं रूप दाखवायचं हे फॉण्ट ठरवतो, आणि काही फॉण्ट पानाची भाषा मराठी अशी नोंदलेली असेल तरच मराठी रूप देतात. अनेक पानांवर ती नोंद नसते. दिवसभर अक्षरंच बघणाऱ्या माणसाला हे खुपतं. म्हणून मी फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन, फॉण्टच्या प्रगत पर्यायांत देवनागरी लिपी निवडून, तिथे मराठी वळणाचा फॉण्ट कायमचा ठरवून ठेवला होता आणि पानांना स्वतःचा फॉण्ट लादू देणारा पर्याय बंद केला होता.

तो फॉण्ट संगणकावर होता. लिब्रेऑफिस या लेखनाच्या प्रोग्राममध्ये व्यवस्थित दिसत होता. म्हणजे फॉण्ट हरवला नव्हता, फायरफॉक्समधली माझी निवड हरवली होती. नुसते बुकमार्क गेले असते तर एखादी फाइल खराब झाली असं मानता आलं असतं. बुकमार्क, पासवर्ड आणि फॉण्टची निवड हे तिन्ही एकदम जातं, तेव्हा बहुधा काहीच खराब झालेलं नसतं; ब्राउझर दुसऱ्याच प्रोफाइलने उघडलेला असतो. फायरफॉक्समध्ये आपलं म्हणून जे काही असतं ते प्रोफाइल नावाच्या एका फोल्डरमध्ये राहतं. बुकमार्क आणि इतिहास एका फाइलीत, पासवर्ड दुसरीत, त्या पासवर्डांची किल्ली तिसरीत, सेटिंग चौथीत.

पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मावशी, काढून टाक आणि परत इन्स्टॉल कर, दहा मिनिटांचं काम आहे.” मी म्हटलं, “अरे, आधी माझं सामान कुठे आहे ते तरी कळू दे.” या बाबतीत माझं मत पक्कं आहे. अपग्रेडनंतर ब्राउझर रिकामा दिसला तर पहिले काही तास काहीही पुसू नये. काढून पुन्हा टाकल्याने प्रोग्राम नवा होतो, प्रोफाइल परत येत नाही; उलट जुन्या खुणा पुसल्या जाण्याचा धोका वाढतो.

आता २२.०४ मध्ये नेमकं काय बदललं ते. २०.०४ मध्ये फायरफॉक्स डेब पॅकेजातून, म्हणजे उबुंटूवर प्रोग्राम बसवायच्या नेहमीच्या गठ्ठ्यातून यायचा. एलटीएस आवृत्त्यांत २२.०४ पासून तो स्नॅप पॅकेजातून येतो. क्रोमियम या दुसऱ्या ब्राउझरच्या बाबतीत हा बदल १९.१० मध्येच झाला होता. स्नॅपमध्ये प्रोग्रामला लागणारं सगळं एकाच दाबलेल्या फाइलीत बांधलेलं असतं आणि प्रोग्रामभोवती कुंपण असतं: संगणकाचा कोणता भाग त्याला दिसावा आणि कोणता दिसू नये हे ठरलेलं असतं. ब्राउझर हा बाहेरच्या जगाशी सतत बोलणारा प्रोग्राम, तेव्हा त्याला कुंपण असावं हा विचार मला पटतो. शिवाय सुरक्षा दुरुस्त्या लवकर मिळतात. पण या कुंपणामुळे फायरफॉक्सचं घर बदललं. पूर्वी प्रोफाइल माझ्या होम फोल्डरमधल्या ‘.मोझिला’ या लपलेल्या फोल्डरात होतं. आता ते ‘स्नॅप’ फोल्डरात, त्यातल्या ‘फायरफॉक्स’मध्ये, त्यातल्या ‘कॉमन’मध्ये गेलं. स्नॅप पहिल्यांदा सुरू होताना जुन्या जागेवरून प्रोफाइलची नक्कल करून आणतो. माझं प्रोफाइल वर्षानुवर्षांचं आणि जाडजूड, त्यामुळे पहिल्या वेळी उघडायला लागलेला वेळ काही अंशी त्या नकलेचा होता.

म्हणजे नक्कल तर झाली होती. मग कोरं पान का? फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट’, मग विसर्गासारखी दोन टिंबं आणि ‘प्रोफाइल्स’ असं इंग्रजीत लिहिलं की सगळ्या प्रोफाइलची यादी येते. माझ्याकडे यादीत दोन होती: ‘डिफॉल्ट’ आणि ‘डिफॉल्ट-रिलीज’. अशी जोडी पुष्कळांच्या संगणकावर आढळते. मे २०१९ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ६७ पासून प्रत्येक स्थापनेला स्वतंत्र प्रोफाइल द्यायची पद्धत सुरू झाली. माझं खरं काम इतकी वर्षं ‘डिफॉल्ट-रिलीज’मध्ये साठत होतं, पण ‘मूळ प्रोफाइल’ अशी जुन्या पद्धतीची खूण रिकाम्या ‘डिफॉल्ट’वर तशीच राहिली होती. नव्या घरात आल्यावर फायरफॉक्सने त्या जुन्या खुणेवर विश्वास ठेवला.

कोणतं प्रोफाइल खरं हे फोल्डरच्या आकारावरून लगेच ओळखू येतं. प्रत्येकाखाली फोल्डर उघडायचं बटण असतं. एकात जवळजवळ काही नव्हतं, दुसऱ्यात शेकडो मेगाबाइट. मी ‘डिफॉल्ट-रिलीज’ आधी वेगळ्या खिडकीत उघडून पाहिलं. बुकमार्क आले, पासवर्ड आले, आणि पानावर पाकळीचा ‘ल’ दिसला तेव्हा खरोखर हायसं वाटलं. मग त्यालाच मूळ प्रोफाइल केलं. याच पानावर प्रोफाइल काढून टाकायचंही बटण असतं आणि ते बाकीच्या बटणांना अगदी खेटून आहे, तेव्हा घाईत हात चालवू नका. रिकामं प्रोफाइल पडून राहिलं तरी काही बिघडत नाही.

यानंतरच्या अडचणी लहान होत्या, पण प्रत्येकीचं मूळ वेगळं. मजकूर वरखाली सरकवताना पान लुकलुकत होतं. २२.०४ मध्ये बहुतेक मशिनांवर पडद्यावर चित्र उमटवायचं काम झॉर्ग या जुन्या व्यवस्थेऐवजी वेलँड ही नवी व्यवस्था बघते, तेव्हा संशय तिकडे होता. लॉगिनच्या पडद्यावर नावावर क्लिक केलं की कोपऱ्यात दातेरी चाक दिसतं, तिथून झॉर्ग निवडून आत आले तर लुकलुक थांबली. वेलँडवर परत येऊन फायरफॉक्सच्या समस्यानिवारण मोडमध्ये, म्हणजे एक्स्टेंशन (वरून जोडलेल्या सोयी) आणि पान दाखवायचं काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणारं हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन बंद ठेवून, पाहिलं तरी थांबली. माझ्या जुन्या ग्राफिक्सला ते जड जात होतं एवढं कळलं. अ‍ॅक्सेलरेशन बंद केलं आणि पुढे गेले.

टायपिंगने मात्र बराच वेळ घेतला. मी आयबस या टायपिंगच्या प्रोग्राममधून ध्वन्यात्मक पद्धतीने, म्हणजे रोमन कळांनी उच्चाराप्रमाणे, मराठी लिहिते. टेक्स्ट एडिटरमध्ये मराठी उमटत होतं, फायरफॉक्समध्ये रोमन अक्षरंच पडत होती. इथे उपयोगी पडली ती एक साधी तपासणी: कीबोर्डच्या यादीत मराठीचा थेट लेआउटही जोडला आणि त्याने लिहून पाहिलं. तो दोन्हीकडे चालला. थेट लेआउटमध्ये कळ दाबली की अक्षर ठरलेलं असतं, मध्ये कोणी नसतं. ध्वन्यात्मक पद्धतीत कळा आधी आयबसकडे जातात आणि तो त्यांचं अक्षर करून प्रोग्रामला देतो. म्हणजे फायरफॉक्स आणि आयबस यांचं बोलणं तुटलं होतं, कीबोर्ड ठीक होता. आयबस पुन्हा सुरू केला, पूर्ण लॉगआउट करून आत आले, आणि टायपिंग सुरळीत झालं. अपग्रेडनंतर नुसती खिडकी बंद-चालू करून भागत नाही, सत्रच नवं करावं लागतं.

मग आली ती माझ्या कामाला खरोखर आडवी येणारी गोष्ट. एक प्रकाशक मला मजकूर एचटीएमएल, म्हणजे वेबपानाच्या, फाइलीच्या रूपात मेलने पाठवतात. थंडरबर्ड या माझ्या मेलच्या प्रोग्राममध्ये त्या जोडणीवर क्लिक केलं की फायरफॉक्स उघडायचा आणि फाइल सापडत नाही म्हणायचा. फाइल तर होती! थंडरबर्ड जोडणी उघडताना ती ‘टेम्प’ या तात्पुरत्या फोल्डरात ठेवतो. पण स्नॅपमधल्या प्रोग्रामला स्वतःचं वेगळं ‘टेम्प’ दिलेलं असतं. सगळ्यांचं ‘टेम्प’ त्याला दिसतच नाही. होम फोल्डरमधल्या वरच्या पातळीवरच्या लपलेल्या फाइलींचंही तसंच. कुंपण ठरल्याप्रमाणे काम करत होतं. जोडणी आधी ‘डाउनलोड्स’मध्ये साठवून तिथून उघडली की सगळं ठीक. ज्यांना महिन्यातून एखादी फाइल येते त्यांनी एवढंच करावं, आणखी काही करायची गरज नाही.

मला दिवसाला अशा कितीतरी फाइली येतात, म्हणून मी डेबकडे परतायचं ठरवलं. जानेवारी २०२४ पासून फायरफॉक्स बनवणारी मोझिला स्वतःच्या भांडारातून, म्हणजे पॅकेजांच्या ऑनलाइन साठ्यातून, स्थिर फायरफॉक्सची डेब पॅकेजं देते, मराठी भाषेचं पॅकेजही तिथेच वेगळं मिळतं. भांडार जोडणं सोपं आहे. किचकट भाग पुढे आहे. उबुंटूच्या भांडारातही ‘फायरफॉक्स’ नावाचं डेब पॅकेज आहे, पण ते नावापुरतं, स्नॅप बसवून देणारं. त्याच्या आवृत्तीच्या आधी ‘१’ आणि दोन टिंबं असा उपसर्ग आहे आणि पॅकेजं बसवणाऱ्या अ‍ॅप्टच्या हिशेबात असा उपसर्ग असलेली आवृत्ती कोणत्याही साध्या आकड्यापेक्षा मोठी ठरते. त्यामुळे मोझिलाचं खरं पॅकेज अ‍ॅप्टला जुनं वाटतं. अ‍ॅप्टच्या पसंतीच्या फाइलीत मोझिलाच्या भांडाराला १००० गुण द्यावे लागतात. हजार हा आकडा यासाठी की तेवढे गुण असले की अ‍ॅप्ट ‘मोठ्या’ आवृत्तीवरून ‘लहान’ आवृत्तीवर यायलाही तयार होतो. ही फाइल न लिहिता भांडार जोडलं तर आपण डेब बसवला असं वाटतं आणि परत स्नॅपच येऊन बसतो.

प्रोफाइल उलट दिशेने नेतानाही काळजी हवी. जुन्या ‘.मोझिला’ फोल्डरात अपग्रेडच्या दिवसापर्यंतचंच प्रोफाइल होतं, नंतरचं सगळं स्नॅपच्या घरात. मी फायरफॉक्स पूर्ण बंद केला, स्नॅपमधलं प्रोफाइलचं फोल्डर आधी बाहेरच्या डिस्कवर घेतलं आणि मगच जुन्या जागी ठेवलं. पासवर्डांची फाइल आणि किल्लीची फाइल एकत्रच न्याव्या लागतात. एक असून उपयोग नाही. आणि नवा फायरफॉक्स जुन्यापेक्षा खालच्या आवृत्तीचा असेल तर तो नव्या आवृत्तीने वापरलेलं प्रोफाइल उघडायला नकार देतो, नवीन प्रोफाइल करा म्हणतो. ते प्रोफाइल बिघडू नये यासाठीच असतं. दोन्हीकडचे आकडे आधी जुळवून पाहिले की तो प्रश्न येत नाही.

स्नॅप काढायचा तो सगळ्यात शेवटी. साध्या पद्धतीने काढला तर स्नॅप त्यातल्या माहितीची एक प्रत आपोआप करून ३१ दिवस ठेवतो. काढताना ‘पर्ज’ हा पर्याय जोडला तर ती प्रत होत नाही. भाच्याने पाठवलेल्या आज्ञेत तो होता. मी तेवढा शब्द गाळून आज्ञा चालवली आणि त्यालाही तसं सांगितलं. “हे मला माहीत नव्हतं गं मावशी,” म्हणाला, आणि स्वतःच्या नोंदीत बदल करून घेतला.

आता मेलमधली फाइल एका क्लिकवर उघडते. पुढे २४.०४ वर जायचं आहे. अपग्रेडच्या वेळी उबुंटू बाहेरची भांडारं बंद करून ठेवतं, तेव्हा मोझिलाचं भांडार हाताने पुन्हा चालू करावं लागेल. आणि २४.०४ मध्ये थंडरबर्डही स्नॅपमधून येतो. माझा सगळा पत्रव्यवहार त्याच्या प्रोफाइलमध्ये आहे, म्हणून त्या फोल्डरची प्रत आत्ताच डिस्कवर घेऊन ठेवली आहे आणि त्यातलं कोणतं प्रोफाइल खरं, तेही लिहून ठेवलं आहे.