पाणी इलां होऽऽ!

१ ऑगस्ट १९८३. टिळक पुण्यतिथी, आठवीतला मी, बाहेर कौलांवर धो धो पाऊस. भाषण शेंगांच्या टरफलांपर्यंत नीट आलं आणि तिथेच अडकलं. घशाला कोरड, गुडघे लटलटा. मुलींच्या बाकांवरून उठलेला हशा अजून कानात आहे.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या सरांनी माझं नाव न घेता फळ्यावर दोन मूत्रपिंडं काढली आणि त्यांना टोप्या घातल्या. या अधिवृक्क ग्रंथी. टोपीच्या गाभ्यातून अ‍ॅड्रेनलिन सुटतं, मज्जातंतूंच्या थेट हुकमाने, क्षणात. तेच काल गुडघ्यांत शिरलं होतं म्हणे. टोपीच्या सालीतून येतं ते कॉर्टिसॉल, ताणात शरीराला तगवणारं संप्रेरक, जरा सावकाश. त्याचा हुकूम दोन टप्प्यांनी उतरतो : मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस त्याच्या खालच्या पियूषिकेला (पिट्युटरी ग्रंथीला) सांगतो, वाटाण्याएवढी पियूषिका रक्तातून टोपीला निरोप धाडते.

"मग थांबतं कसं?" मागून कोणीतरी विचारलं.

सर म्हणाले, "तुझ्याकडे शिंपणं कोण करतं?"

हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. बाबा विहिरीवर इंजिनाजवळ, मी पाटाच्या टोकाला. शेवटच्या माडाचं आळं भरलं की मी कुकारा घालायचो, "पाणी इलां होऽऽ, बंद करा!" इंजिनाच्या धडधडीत पहिला कुकारा कधीच पोचायचा नाही. शरीरात पोर नसतं, सर म्हणाले, पाणीच ओरडतं. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसं झालं की तेच हायपोथॅलॅमस आणि पियूषिकेला गप्प करतं.

हायपोथॅलॅमस ज्या रसायनातून पियूषिकेला सांगतो, त्या निरोप्याची रचना वायली वेल हा शास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्येच उलगडली होती, ४१ अमिनो आम्लांची साखळी. आमच्या पाठ्यपुस्तकात यातलं अवाक्षर नव्हतं.

१९९० च्या गणपतीत मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो, म्हणजे शहाणपणाच्या शिखरावर. आजी दोन वर्षं गुडघ्यांसाठी बाजारातल्या एका माणसाकडून पुड्या घेत होती. तोंड गोल गरगरीत झालेलं, कातडी पातळ, जरा कुठे लागलं की काळंनिळं. पुडीत स्टेरॉइड आहे हे मी ओळखलं. इथवर बरोबर. मग मी सगळ्या पुड्या परसातल्या चुलीत घातल्या.

चौथ्या दिवशी आजी उठेना. उलट्या, रक्तदाब तळाला. दोन वर्षं बाहेरून कॉर्टिसॉलसारखंच औषध मिळत होतं, म्हणजे आळं सतत भरलेलं, कुकारा सतत चालू. पियूषिकेचे निरोप बंद, निरोपांवाचून टोपीची सालही सुकलेली. इंजिनच गंजलं होतं आणि मी बाहेरचं पाणी तोडलं. सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोनवर, म्हणजे औषधाच्या रूपातल्या कॉर्टिसॉलवर, ती वाचली. नंतर गोळ्या महिनोन् महिने कणाकणाने कमी केल्या. "त्या पुडयेन गुडघे तरी चलत होते," हे मात्र तिने शेवटपर्यंत ऐकवलं.

सरांना सांगायला गेलो तेव्हा ते निवृत्त होऊन ओटीवर सुपाऱ्या सोलत बसले होते. सगळं ऐकलं, रागावले नाहीत.

"इंजिन परत कधी लागलं?"

"आठव्या महिन्यात. सकाळी ८ चं रक्त मुंबईला पाठवलं होतं."

"सकाळचंच का?"

"कॉर्टिसॉल पहाटे चढतं, मध्यरात्री तळाला असतं. सकाळी पुरेसं सापडलं तर टोपी जागी झाली म्हणायचं."

सरांनी सुपारी खाली ठेवली आणि म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं. परत सांग."