चिठ्ठीतली शेवटची ओळ

आज करार कायद्याच्या तासाला पुस्तक उघडलंच नाही. एका विद्यार्थिनीला अशील बनवून खुर्चीत बसवलं, हातात माझी चिठ्ठी: भाड्याचं घर सोडलं, अनामत परत मिळत नाही. तळाशी एक ओळ, विचारलं तरच सांगायची. घर सोडताना 'माझं काही येणं नाही' असं लिहून सही दिलीय.

वकील म्हणून बसवला वर्गात पहिला येणारा, आमचा 'पहिला नंबर'. पठ्ठ्यानं दुसऱ्याच मिनिटाला नुकसानभरपाईवर व्याख्यान सुरू केलं. अशीलबाई माना डोलावतायत. बारा मिनिटं झाली, सहीचा पत्ताच नाही!

मग मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा एकजण उठला. "ताई, घर सोडलं त्या दिवशी काय काय झालं, पहिल्यापासून सांगा ना." एवढं विचारून गप्प बसला. चौथ्या वाक्याला कागद बाहेर.

१८७० मध्ये हार्वर्डला लँगडेल या कायद्याच्या प्राध्यापकांनी कोर्टाच्या निवाड्यांवरून शिकवायला सुरुवात केली, तीही तेव्हा क्रांतीच होती. मीही त्याच वाटेनं शिकले. पण निवाड्यात हकिकत न्यायाधीशांनी चाळून-पाखडून दिलेली असते. अशील ती खडे-कोंड्यासकट आणतो. डॉक्टर जसे रुग्णाजवळ शिकतात तसे वकीलही शिकू देत, असं अमेरिकन वकील जेरोम फ्रँक १९३३ मध्येच म्हणाले होते. आम्ही अजून टिपणं उतरवून घेतोय (मीसुद्धा, परीक्षा जवळ आली की).

उद्या उलटतपासणी. पहिला नंबर मघाशी येऊन गेला. "मॅडम, उद्याची चिठ्ठी आजच मिळेल का?"

नाही मिळणार.