सावली परत आली

सोलापुरात वाढलेल्या मुलीला उन्हाचं कौतुक कसलं? मे महिन्यात पारा 43-44 वर जायचा. शाळेतून येताना आजी दारातच उभी असायची, "पोरी, आधी आत ये, ऊन लागंल." मग गुळाचं पन्हं, खाली ओढलेले पडदे, ओल्या फरशीवर झोप. ऊन ही चुकवायची गोष्ट, एवढंच मला ठाऊक होतं.

आता मी नॉर्वेत ट्रॉम्सोला राहते, उत्तर ध्रुववृत्ताच्याही सुमारे 350 किलोमीटर वर. इथे नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य क्षितिजाखाली जातो आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाही. त्यात गावाभोवती डोंगर. त्यामुळे आम्हाला तो 21 जानेवारीच्या आसपासच दिसतो. म्हणजे जवळजवळ दोन महिने ऊन नाही. या काळाला इथले लोक 'मोर्केतीद' म्हणतात, अंधाराचा काळ. पण मिट्ट काळोख नसतो हं. दुपारी दोन-तीन तास निळसर उजेड असतो, बर्फही निळा दिसतो. बाकी वेळ दिवे, बुटांना खिळ्यांच्या पट्ट्या, कोटावर चमकणारी पट्टी आणि रोज सकाळी चमचाभर कॉड माशाचं तेल. ते तेल लेक बिनतक्रार घेते. मला अजून नाक दाबावं लागतं.

यंदा संक्रांतीला सकाळी साडेसातला आईचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे बारा वाजले होते. आदल्या दिवशी ती सिद्धेश्वर यात्रेत, संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला, जाऊन आली होती. नंदीध्वजांच्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, गड्ड्यावरची म्हणजे जत्रेतली गर्दी, सगळं रंगवून सांगत होती. मी मध्येच म्हणाले, "आई, फोन जरा उन्हाकडे धर ना." तिला काही कळेना. तरी तिने फोन वळवला. गच्चीचा कठडा, त्यावर वाळत घातलेली सोलापुरी चादर, आणि त्या चादरीवर पसरलेलं पिवळंधमक ऊन. मी बघतच राहिले. आई गप्प होती. मग हळूच म्हणाली, "बघ, हवं तेवढं बघ."

त्या दिवशी मी तिळाचे लाडू केले आणि निम्मे डब्यात बाजूला ठेवले, 21 तारखेसाठी.

तो इथला सूर्याचा दिवस, 'सूलडाग'. बालवाडीत मुलं पिवळे कागदी सूर्य करतात, गाणी म्हणतात. बेकरीत 'सूलबोले' घ्यायला गर्दी होते. आत जाम नाहीतर क्रीम भरलेले, तळलेले गोल पाव. यंदा नेमकं आभाळ भरून आलं. सूर्य दिसलाच नाही. मी खरंच हिरमुसले. पण शेजारच्या आजी बश्या घेऊन आल्याच, "वर आलाय ना तो, ढगांमागे का असेना!" मी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि सांगितलं, आमच्याकडेही याच महिन्यात सूर्य उत्तरेकडे वळतो असं मानतात, म्हणून हा वाटतात. त्यांनी लाडू अख्खाच तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावत राहिल्या.

तीन दिवसांनी, शनिवारी, बाराच्या सुमारास लेकीला घेऊन बसथांब्यावर उभी होते. हातात भाजीची पिशवी. दक्षिणेकडे डोंगराची कड आधी गुलाबी झाली, मग सोनेरी, आणि एकदम समोरच्या घरांच्या काचा पेटल्यासारख्या लखलखल्या. थांब्यावर आम्ही सहाजण होतो. एकही शब्द न बोलता सगळ्यांनी तोंडं तिकडे वळवली. एका बाईंनी टोपी काढली. बस आली, ड्रायव्हरनेही दार उघडून तिकडेच मान वळवली. कुणालाच चढायची घाई नव्हती.

त्या उन्हाला ऊब नव्हती. आणि तरीही गालावर, पापण्यांवर, कानाच्या पाळीवर ते कुठे कुठे पडलंय ते मला कळत होतं. पिशवीतल्या कोथिंबिरीचा वास येत होता, छातीत धडधडत होतं. इतकी जागी, इतकी जिवंत मी कित्येक दिवसांत नव्हते. डोळ्यांत पाणी आलं. ते मी पुसलं नाही.

लेक मात्र खाली बघत होती. पांढऱ्या बर्फावर तिच्या बुटांपासून एक लांबच लांब निळी सावली निघाली होती. तिने हात वर केला, सावलीनेही केला. मग ती माझ्या पायाशी वाकली आणि ओरडली,

"आई, तुझीपण आली!"