तुम्ही विचारलंत म्हणून: माणसं आपल्या हाताखाली नसताना काम कसं करून घ्यायचं

"तुमच्या हाताखाली एकही माणूस नाही, मग प्रोजेक्ट पुरा कसा करता?" सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधनं इंटर्नशिपला येणारी पोरं हे हमखास विचारतात, परवा आमच्याकडं नवीन जॉइन झालेल्या मॅडमनी पण विचारलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत नवीन पार्टचं डेव्हलपमेंट बघतो. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग आलं की पॅटर्न (ज्यावरनं मोल्ड म्हणजे साचा बनतो तो नमुना), ट्रायल कास्टिंग (चाचणीचं ओतकाम), मशिनिंग, तपासणी आणि शेवटी पीपॅप, म्हणजे पार्ट मंजूर व्हावा म्हणून गिऱ्हाइकाला द्यायचे पुरावे नि कागदपत्रं. पीपॅपच्या यादीत 18 बाबी, त्यातली कंट्रोल प्लॅनची बाब क्वालिटीकडं, मटेरियल टेस्ट लॅबकडं, गेज आणायचं परचेसकडं, आणि ह्या प्रत्येकाची रजा, शिफ्ट, पगारवाढ सगळं त्याच्या त्याच्या साहेबाच्या हातात. माणूस एका साहेबाचा आणि काम दुसऱ्याचं पण, पुस्तकात ह्याला मॅट्रिक्स म्हणतात, वीक, बॅलन्स्ड आणि स्ट्राँग असे प्रकार आहेत, आमच्याकडचा वीक, म्हणजे जोर खात्याच्या साहेबाचा, प्रोजेक्टवाल्याचा कमी.

माझं मत ठाम आहे. माणसाकडं जायच्या आधी त्याच्या साहेबाकडं जायचं. बरेच जण थेट पोराला गाठतात, "एवढं करून दे की रे", ते भिडेखातर हो म्हणतं, आणि दुपारी त्याचा साहेब विचारतो, हे कुणी सांगितलं तुला? दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी त्याची गत होते. दोन साहेबांच्या मधे त्याला उभं करायचं नाही, जे काय बोलायचं ते आपण साहेबाशी बोलायचं.

आणि साहेब नाही म्हणतो ते वाकड्यात शिरायचं म्हणून नसतं हो, त्याचा आकडा बघा. फाउंड्रीच्या साहेबांना रोज विचारतात किती टन ओतलं आणि रिजेक्शन किती टक्के. माझ्या ट्रायलसाठी चालू लाइनवरचा पॅटर्न उतरवायचा, दहा-बारा मोल्ड मारायचे, त्यातले निम्मे ब्लो होल (आत अडकलेल्या वायूची पोकळी) नाहीतर श्रिंकेजनं (धातू आकसल्यानं) जाणार, म्हणजे त्यांचं टनेज पण खाली आणि रिजेक्शन पण वर. मग ते कशाला खुशीनं ट्रायल घेतील? म्हणून प्लँट हेडना आधीच सांगून ट्रायलचं रिजेक्शन प्रॉडक्शनमध्ये धरायचं नाही, वेगळ्या खात्यात लिहायचं, असं ठरवून घेतलं. शिवाय ट्रायल मागायची ती पॅटर्न चेंजओव्हर असेल तेव्हाच, लाइन तशीही थांबलेली असते. एवढं केलं आणि रोजची हुज्जतच संपली.

तसंच सीएमएमचं, म्हणजे पार्टची मापं तपासायच्या मशीनचं. मशीन एक, त्यावर प्रॉडक्शनचे पार्ट रांगेत, त्यामुळं "अर्जंट आहे" म्हणून काही होत नाही, सगळ्यांचंच अर्जंट असतं. मी क्वालिटीच्या साहेबांकडं मंगळवारची दुपार मागतो, अमुक माणूसच पाहिजे असं म्हणत नाही, माणूस ते ठरवतात. आणि त्या दुपारी माझा पार्ट तयार नसेल तर सकाळीच कळवायचं, स्लॉट अडवून बसायचं नाही.

एक गोष्ट मात्र मला मनापासून महत्त्वाची वाटते. आपल्यासाठी राबलेल्या माणसाचं काम त्याच्या साहेबाला दिसतच नाही. पॅटर्न शॉपच्या काकांनी कोअर बॉक्सचा (पार्टमधली पोकळी धरणारा वाळूचा कोअर ज्यात बनतो तो साचा) ड्राफ्ट, म्हणजे बाजूंचा उतार, बदलायला सुचवलं आणि कोअर फुटायचा थांबला, तर हे त्यांच्या साहेबांना मेलवर लिहायचं, काकांना सीसीत ठेवून, आणि त्याच आठवड्यात. अप्रेझलच्या वेळी नुसतं "चांगलं काम केलं" म्हणून काही उपयोग होत नाही, कुठला पार्ट, काय केलं, काय वाचलं ते पाहिजे. हे आपण नाही लिहिलं तर कुणीच लिहिणार नाही, आणि माणसाचं वर्षभराचं नुकसान होतं.

मॅडमनी पुढं विचारलं, एवढं करून पण साहेब नाहीच म्हणाले तर? मग त्यांना सांगूनच वर जायचं, मागनं नाही. एका कागदावर त्यांचं डिस्पॅच आणि माझी ट्रायल, दोन्हीच्या तारखा लिहून दोघांनी मिळून प्लँट हेडकडं जायचं आणि एवढंच विचारायचं, ह्यातलं आधी कुठलं? ट्रायल मागं गेली तर नवी तारीख त्याच दिवशी गिऱ्हाइकाला कळवायची.