जिन्यातल्या मीटिंगा

हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं मला ऑफिसच्या नव्या मांडणीचं काम दिलं ते सरळ आकड्यांत: २२० टेबलं आहेत, १३० करा. कोविडनंतर त्यांच्याकडे आठवड्याचे तीन दिवस ऑफिस आणि दोन दिवस घर असा नियम झाला होता. अर्धा मजला सोडायचा, कुणाचंच टेबल पक्कं ठेवायचं नाही, येईल त्यानं मिळेल तिथं बसायचं. दारावरच्या कार्डांची नोंदही त्यांनी पाठवली. गर्दीच्या दिवशीसुद्धा आकडा १२० च्या पुढे जात नव्हता. हिशेब चोख होता. तरी लेआउटला हात लावण्याआधी एक अख्खा दिवस तिथं काढायचा, ही माझी जुनी सवय.

मंगळवार होता. साडेनऊपासून दर तासाला लेआउटची प्रिंट घेऊन फेरी मारायची आणि प्रत्येक खुर्चीवर खूण करायची: माणूस, नुसती बॅग, की रिकामी. अकराच्या फेरीला कार्डांप्रमाणे ११८ जण आत होते आणि खुर्च्यांवर माणसं भरली ६१. कॅन्टीन पाहिलं, मीटिंग रूम पाहिल्या, तरी मेळ लागेना. बाराजणांच्या खोलीत एकच मुलगा लॅपटॉपसमोर बोलत होता, बाहेर दोघं ताटकळत उभे.

पॅन्ट्रीतल्या मावशी माझी धावपळ बघत होत्या. म्हणाल्या, "मॅडम, माणसं शोधताय ना? जिन्यात बघा."

फायर एक्झिटचा जड दरवाजा ढकलला आणि थक्क झाले. दोन मजल्यांच्या पायऱ्यांवर नऊ जण बसलेले, गुडघ्यावर लॅपटॉप, कानात हेडफोन. आग लागली तर उतरायची ती वाट! एका मुलीचा कॉल संपल्यावर तिच्याशेजारी बसले. ती म्हणाली, "वाकडच्या पुलापाशी तासभर अडकून येते. टीम अर्धी चेन्नईला, उरलेले आज घरी. टेबलावर बोलले की शेजारच्याच्या कॉलमध्ये माझा आवाज जातो. मग इथं."

हे ऑफिस बांधलं तेव्हा मागं वळून सहकाऱ्याला हाक मारली की काम व्हायचं. आता प्रत्येक मीटिंगमध्ये कुणीतरी स्क्रीनवर असतंच, त्यामुळे समोरासमोर बसलेले चौघंही आपापल्या लॅपटॉपशी बोलतात. मोकळ्या हॉलनं माणसं जवळ येतात हे तर आधीपासूनच खरं नव्हतं. इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पार्टिशनं काढल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलेलं दिसलं होतं. त्या हेडफोनवाल्या रांगेपुढे मला तो आकडा आठवत राहिला.

मीटिंग रूममध्येही निवांतपणा नव्हता. फॉल्स सीलिंगची एक टाइल सरकवून पाहिली. जिप्समचं पार्टिशन तिथंच संपलेलं, वरच्या स्लॅबपर्यंत नेलेलंच नाही. आवाज वरून खुशाल पलीकडे. पगारवाढीची बोलणी शेजारच्या खोलीत ऐकू जात असणार.

दुपारी अकाउंट्समधले एक काका चहा घेऊन आले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यांच्या खणात बीपीच्या गोळ्या, जवळचा चष्मा, शिक्के, एक छोटा गणपती. खूप वेळ इकडचं तिकडचं बोलून मग विचारलं, "मॅडम, माझं टेबल जाणार का?" ते आठवड्याचे पाचही दिवस येतात, घर दोन खोल्यांचं आहे, तिथं नातवंडांची शाळा. कार्डांच्या सरासरीत हे काका कुठंच दिसत नव्हते. मला उत्तर देता येईना.

१९६८ मध्ये डिझायनर रॉबर्ट प्रॉप्स्टनं हर्मन मिलर या अमेरिकी फर्निचर कंपनीसाठी हलवता येणारी पार्टिशनं काढली ती माणसाला ऐसपैस, हवी तशी जागा मिळावी म्हणून. कंपन्यांनी त्यातूनच खुराडी केली, आणि त्याचं दुःख त्याला शेवटपर्यंत राहिलं. फिरत्या टेबलांचं तसंच होऊ शकतं. मोकळीक म्हणून आणायचं आणि भाडं वाचवून थांबायचं.

संध्याकाळी ॲडमिनच्या साहेबांपुढे माझी खुणांनी भरलेली प्रिंट ठेवली. टेबलं १३० करते म्हटलं, पण सुटलेली सगळी जागा परत करू नका. बाराजणांच्या खोलीतून एकेकट्याच्या चार खोल्या काढते, पार्टिशन स्लॅबपर्यंत, आत आवाज शोषणारं ग्लासवूल, प्रत्येक खोलीला हवेची स्वतंत्र सोय. रोज येणाऱ्यांची टेबलं पक्की. बाकीच्यांना कुलपाचे लॉकर. ते म्हणाले, "मॅडम, मग अर्धा मजला सुटणार नाही." नाही सुटणार, पाव सुटेल, मी म्हटलं. ते बराच वेळ प्रिंटकडे बघत होते. मग स्वतः उठून जिन्याचा दरवाजा उघडून आले. साडेसहा वाजले होते, तरी तिघं बसलेले होते.

त्या रात्री घरी नवा लेआउट काढायला घेतला. पहिली रेघ पॅन्ट्रीच्या खिडकीखाली मारली, साडेचार फुटांच्या बाकाची. दिवसभरात दर तासाच्या फेरीत मावशी मला उभ्याच दिसल्या होत्या.