आमची वाटचाल : आधी पडायला शिका

सांगलीत व्यायाम म्हटला की तालीम, लाल माती आणि वस्ताद. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी २०२३ मध्ये इथेच झाली आणि आपल्याच जिल्ह्याच्या प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. त्याच्या बरंच आधी, २०१६ मध्ये, गावभागातल्या हळदीच्या एका रिकाम्या गोदामात मी बायकांसाठी आयकिडो या जपानी युद्धकलेचा वर्ग काढला. नोकरीनिमित्त पुण्यात असताना शिकले होते, ब्लॅक बेल्ट मिळाला होता आणि लग्नानंतर इथे आले होते.

"म्हणजे कराटेच ना?" असं प्रत्येक जण विचारायचं. नाही. मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांनी जपानच्या जुन्या दाइतो-र्‍यू जुजुत्सू या हातघाईच्या झुंजकलेच्या पायावर ही विद्या उभी केली. त्यांची स्वतःची उंची सव्वापाच फुटांच्याही आत. समोरच्याने ओढलं तर उलट ओढायचं नाही, त्याच ओढीबरोबर वळून त्याचा तोल काढायचा. त्यांच्या टोकियोतल्या शाळेत १९३० च्या दशकात ताकाको कुनिगोशी ही तरुणी पुरुषांच्या बरोबरीने शिकत होती आणि गुरूंच्या तंत्रांची रेखाचित्रंही तिनेच काढली. घरचे "बायकांना कुठं झेपतंय" म्हणाले की मी कुनिगोशींबद्दल सांगते.

आमच्याकडे पहिला महिना फक्त पडायला शिकवतात. याला उकेमी म्हणतात. मागे पडताना हनुवटी छातीला, पाठ गोल, हात मॅटवर सपकन. पुढे पडताना करंगळीच्या कडेपासून कोपर, खांदा आणि तिरकं विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत. डोकं जमिनीला लागताच कामा नये. लहानपणची कोलांटउडी वेगळी, ही वेगळी. "ताई, मारायचं कधी शिकवणार?" असं विचारून सुरुवातीला बऱ्याच मुली सोडून गेल्या. पण आयकिडो जोडीनेच शिकतात. जिला नीट पडता येत नाही तिच्यावर कुणी डाव पूर्ण करू शकत नाही, मग दोघीही अर्धवटच शिकतात. म्हणून हा महिना मी कधी कमी केला नाही.

आणि याच पडण्याने वर्ग तगवला. कॉलेजच्या मुली परीक्षा आल्या की गायब होतात. टिकल्या त्या दुपारच्या बॅचच्या, चाळिशी-पन्नाशीच्या गृहिणी. तासाला तीसदा पडायचं म्हणजे तीसदा जमिनीवरून उठायचं, तेही हात न टेकता. मांड्या, कंबर, श्वास, सगळ्याला काम. मांडी घालून बसणं सोडलेल्या बायका पुन्हा पंगतीत खाली बसायला लागल्या, याचा मला कुठल्याही बेल्टपेक्षा जास्त आनंद आहे. गोदामाचं भाडं त्यांच्याच फीतून निघायचं.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली. गोदाम बुडालं. पाणी ओसरल्यावर मॅट उचलवेनात, इतका गाळ त्यांच्यात बसलेला. सगळ्या फेकल्या. भिंती घासायला दुपारची अख्खी बॅच आली होती, कुणी बोलावलं नव्हतं. नंतर विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर हॉल घेतला. भाडं जवळपास दुप्पट, पण तळमजला आता नको होता. तिथे बस्तान बसतंय तोच मार्च २०२० ची टाळेबंदी. जोडीदाराला हात लावायचा नाही तर आयकिडो कसा करणार? मग गच्चीवर 'जो' धरला. जो म्हणजे साधारण सव्वा मीटरची सरळ काठी, ३१ हालचालींचा त्याचा एक क्रम एकट्याने करता येतो. काठ्या इथल्याच सुताराने करून दिल्या. फोनवर बघत प्रत्येकीने आपापल्या गच्चीत तो घोटला.

८ मार्च जवळ आला की कंपन्या, कॉलेजं विचारतात, "मॅडम, दोन तासांत स्वसंरक्षण घ्याल का?" पैसे बरे मिळतात. तरी त्या नावाने मी कार्यक्रम घेत नाही. मनगट पकडलं तर अंगठ्याच्या बाजूला पकड कच्ची असते, तिथून हात फिरवत त्याच्या शेजारी, तो बघतोय त्याच दिशेला तोंड करून उभं राहायचं. हे सांगायला पाच मिनिटं लागतात. घाबरलेल्या अंगाने ते आपोआप व्हायला कित्येक महिने लागतात. दोन तासांत जमलं असं मुलीला वाटणं धोक्याचं आहे. गेलेच तर अंतर कसं राखायचं, पोटातून ओरडायचं कसं, कधी पळायचं आणि ११२ कधी लावायचा एवढंच शिकवते. भारतीय न्याय संहितेतली कलम ३४ ते ४४ सुद्धा वाचून दाखवते, कारण आत्मरक्षणाचा हक्क कायद्यात आहे हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं.

सध्या तीन बॅच आहेत : सकाळी साडेसहा, दुपारी अडीच, संध्याकाळी सहा. दुपारची बॅच आता आमची जुनी विद्यार्थिनी घेते, ती स्वतः पन्नाशीची आहे. मिरजेतही वर्ग काढायचा आहे, वरच्या मजल्यावरचा हॉल शोधतोय. नवीन प्रवेश महिन्याच्या पहिल्या सोमवारी. पहिला आठवडा फी नाही. सलवार किंवा ट्रॅक पँट चालेल. बांगड्या आणि मंगळसूत्र मात्र घरी ठेवून या.